मेक्सिकन भुंगे: फुकट आणि कामसू, पण हिवाळाभर रजेवर

परवा पेस्ट कंट्रोलवाल्या पोराने सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पंप मारला. गाजरगवत फस्त करायला मी सोडलेल्या मेक्सिकन भुंग्यांच्या पिवळट अळ्या पटापट खाली पडल्या. डास मारायला बोलावलेल्या माणसाने माझे भुंगे मारले, म्हणून हा अनुभव लिहितोय.

गाजरगवताची ओळख करून द्यायला नको. 1955 मध्ये पुण्यात नोंद झाली, आता मुलुंडमध्ये कुठे नाही ते विचारा. माळी दर उपटणीला पैसे घ्यायचा, वर अंगाला खाज सुटते म्हणून जादा मागायचा (ते मात्र रास्त). शेवटी भावाने पुण्यातल्या रस्त्याकडेच्या गवतावरून भुंगे गोळा केले आणि भोकं पाडलेल्या डब्यात घालून आणले. खर्च शून्य.

सुरुवातीला काहीच दिसत नाही. एक पिढी तयार व्हायलाच महिना लागतो. गणपतीपर्यंत मात्र पानांची चाळण झाली. अळ्या कोवळे शेंडे खातात, त्यामुळे फुलं कमी येतात. एक झाड हजारोंनी बी टाकतं, तेव्हा खरा फायदा तोच.

आणि मग थंडी. हे महाशय जमिनीत शिरून झोपतात ते थेट पुढच्या पावसापर्यंत! गळक्या पाइपाशेजारचं गवत इकडे मजेत फुलतंय आणि कामगार झोपलेले. हातमोजे घालून मीच उपटत बसलो. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी दोनच तारे दिले असते.

जूनमध्ये पाऊस पडला आणि भुंगे आपसूक वर आले. नवे आणायला नकोत, फोन नको, ॲडव्हान्स नको. चार तारे. माळी कधी न बोलावता आला होता का? पण एक तारा त्या झोपेचा कापलाच, तो परत देणार नाही.

पाचव्या मजल्यावरच्या वहिनींना कुंडीतल्या सूर्यफुलाची काळजी. कर्नाटकात तशी ओरड झाली होती खरी. 1984 मध्ये बेंगळुरूला हे भुंगे पहिल्यांदा सोडले, त्यानंतरची गोष्ट. तपासात दिसलं की पानांवर गाजरगवताचे परागकण पडले असतील तर ते सूर्यफूल कुरतडतात. वहिनींची कुंडी शाबूत आहे.

गवताला दाबायला टाकळा पेरला होता. त्याची भाजीही व्हायची, आता औषध पडल्यावर कोण खाणार? फवारणीचं बिल आलंय. खजिनदार म्हणून सही माझी लागते. केलेली नाही.