लेव्हल 11 ते 18, अख्खं मल्टिव्हर्स, 14 महिने: डीएम म्हणून आलेला अनुभव

आधी सेटअप सांगतो. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत, आपापलं पात्र होऊन खेळायची गोष्ट, त्याची पाचवी एडिशन, रूल्स 2014 चेच, प्लेअर्स पाच, आणि गोष्ट चालवणारा डीएम मी. तिघं पुण्यात, एकजण बंगळुरूला, एक न्यू जर्सीला, त्यामुळे आमची रविवारची सकाळ म्हणजे त्याची शनिवारची रात्र. 14 महिन्यांत 41 सेशन्स झाली, लेव्हल (पात्राची ताकद, 1 ते 20) 11 ला सुरू केलं, आता 18 वर आहोत. सेटिंग प्लेनस्केप, म्हणजे अनेक प्लेन्सचं (वेगवेगळ्या जगांचं), 1994 ला आलेलं ते जुनं सेटिंग, ज्याचा 2023 ला तीन पुस्तकांचा नवीन सेट आला. त्यातलं सिजिल या शहराचं आणि आउटलँड्स या मधल्या प्लेनचं 96 पानी पुस्तक मी इतकं वापरलंय की त्याच्या कडा मऊ पडल्यात. सेटमधली तयार स्टोरी मात्र मला लागली नाही कारण ती लेव्हल 3 ते 10 चालते आणि मग थेट 17 वर उडी मारते, आणि मला नेमकं मधलंच चालवायचं होतं.

लोक सगळ्यात जास्त विचारतात की हाय लेव्हलला प्लेअर्सना अडवायचं कसं. माझं मत आता पक्कं झालंय, अडवायचं नाहीच. तेराव्या लेव्हलला क्लेरिकला (देवाच्या शक्तीने जादू करणारा) प्लेन शिफ्ट हे दुसऱ्या प्लेनवर नेणारं स्पेल मिळतं, विझार्डला (पुस्तकातून जादू शिकणारा) क्षणात दूर नेणारं टेलिपोर्ट मिळतं, त्यानंतर वाटेतली दरी, पहारेकरी, समुद्र, हे सगळं संपतं आणि ते संपूच द्यावं, बिचाऱ्यांनी दीड-दोन वर्षं घासून ती पॉवर कमावलेली असते. "कसं पोचायचं" हा प्रश्न गेला की "आधी कुठे जायचं आणि कोणाला वाट बघायला लावायची" हा प्रश्न उभा राहतो, आणि खरी मजा तिथे आहे.

एक उदाहरण देतो. रिगस नावाचं गेट-टाऊन आहे, आउटलँड्सच्या कडेला. अशी 16 गावं आहेत, प्रत्येकाजवळ एकेका आउटर प्लेनचं (देव-राक्षसांच्या जगाचं) दार. रिगसचं दार अ‍ॅकेरॉनला उघडतं, जिथे पोकळीत लोखंडाचे प्रचंड ठोकळे तरंगतात, एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्यावर न संपणारी युद्धं चालू असतात. या गावांचं असं आहे की गाव आपल्या शेजारच्या प्लेनसारखं वागायला लागलं, विचार करायला लागलं, की ते अख्खंच्या अख्खं तिकडे ओढलं जातं. मी एका कागदावर दहा चौकोन काढले, दहावा भरला की रिगस गेलं, आणि तो कागद पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसेल असा ठेवला. कुठलाही राक्षस मारून हे थांबणार नव्हतं. गावातल्या लोकांना युद्ध सोडून दुसऱ्या कशाची तरी ओढ लावणं एवढाच उपाय होता.

तर ते अ‍ॅकेरॉनमध्ये एका सेनापतीच्या आर्चमेजशी (मोठ्या जादूगाराशी) लढत होते आणि त्याने आमच्या पॅलडिनवर (शपथ घेतलेला योद्धा) बॅनिशमेंट टाकलं, म्हणजे समोरच्याला त्याच्या मूळ जगात हाकलणारं स्पेल. आता हे स्पेल आपण सगळे राक्षसांना घरी पाठवायला वापरतो, पण तिथे परके आपणच असतो ना! आर्चमेजने पुढच्याच टर्नला टेलिपोर्ट करून दुसरा ठोकळा गाठला आणि तिथे शांतपणे कॉन्सन्ट्रेशन धरून, म्हणजे स्पेल चालू ठेवून, बसला. ते दहा राऊंड, म्हणजे खेळातलं एक मिनिट, टिकलं की हाकललेला परत येत नाही. इकडे चौघं जिवाच्या आकांताने त्याला शोधतायत आणि पॅलडिन चिलखतासकट स्वतःच्या गावातल्या विहिरीपाशी उभा, समोर आई कळशी घेऊन, अकरा वर्षांनी. मी लढाईच्या प्रत्येक राऊंडनंतर थोडं थोडं आईचं बोलणं घेत गेलो. दहावा राऊंड संपला, म्हणजे तो आता आपोआप परत येणार नव्हता. प्लेन शिफ्ट हे सातव्या लेव्हलचं स्पेल, क्लेरिककडे त्या लेव्हलचा एकच स्लॉट (दिवसाला एकदाच टाकता येतं), विझार्डने स्पेलबुकात प्लेन शिफ्ट घेतलेलंच नव्हतं, आणि प्रत्येक प्लेनसाठी 250 सोन्याच्या नाण्यांच्या किमतीचा वेगळा धातूचा फोर्क लागतो, तो अ‍ॅकेरॉनचा त्यांच्याकडे नव्हताच कारण ते रिगसच्या दारातून आले होते. स्लॉट वापरून सगळे पॅलडिनकडे गेले, रात्र त्याच्या घरी काढली, दुसऱ्या दिवशी आउटलँड्सला आले आणि परत रिगस. मी काही न बोलता सातवा चौकोन भरला. कॉलवर बराच वेळ कोणी बोललं नाही.

सिजिल हब म्हणून का घेतलं तेही सांगतो. शहर एका भल्यामोठ्या कड्याच्या आतल्या बाजूला वसलेलं आहे, वर बघितलं की आकाशाऐवजी पलीकडच्या गल्ल्यांची छपरं दिसतात, हे भारी आहेच, पण डीएमच्या दृष्टीने सोन्यासारखी गोष्ट म्हणजे तिथे प्लेन शिफ्ट चालत नाही. आत यायला आणि बाहेर जायला फक्त पोर्टल्स, आणि प्रत्येक पोर्टलला किल्ली. किल्ली म्हणजे काहीही, कच्चं अंडं, खोटं बोलणं, शत्रूच्या घरातली राख. म्हणजे पार्टी कितीही पॉवरफुल झाली तरी घरातून निघताना आणि घरी येताना थांबून विचार करायला लागतो.

घर हा शब्द मुद्दाम वापरतोय. पहिल्या तीन महिन्यांत मी सात प्लेन्स दाखवले आणि माझ्या लक्षात आलं की प्लेअर्स नावं विसरतायत, एक जग दुसऱ्यासारखं वाटायला लागलंय. मग मी त्यांना लोअर वॉर्डात एक खाणावळ दिली, वर चार खोल्या, मालकीण एक म्हातारी टिफलिंग (राक्षसी वंशाची, शिंगं असलेली), जी सगळ्यांना "बाळा" म्हणते. तिचं खरं नाव माझ्या नोट्समध्ये आहे, पण पहिल्याच दिवसापासून तिला सगळे आक्का म्हणायला लागले आणि तेच राहिलं. त्यानंतर प्रत्येक सेशनची सुरुवात किंवा शेवट तिच्या स्वयंपाकघरात झाला, आणि एकदम बाकीची जगं पण लक्षात राहायला लागली, कारण आता "आक्काला सांगायला" काहीतरी असायचं. मल्टिव्हर्स चालवणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन, जगं कमी करा म्हणत नाही, पण एक छोटी जागा पक्की करा आणि तिथे तीच माणसं, तोच ओटा, तोच वास ठेवा.

लढायांबद्दल. पंधराव्या लेव्हलला आमची एक मोठी लढाई अडीच तास चालायची, ते फार होतं. आता मॉन्स्टर्सचं डॅमेज मी रोल करत नाही, स्टॅटब्लॉकमध्ये (मॉन्स्टरच्या आकड्यांची चौकट) छापलेलं सरासरी घेतो, आणि एकाची टर्न चालू असतानाच "पुढे तू, तयार राहा" म्हणतो. तास-सव्वातासावर आलंय. लेजेंडरी रेझिस्टन्स, म्हणजे मोठ्या मॉन्स्टरने हुकलेला सेव्ह (स्पेलपासून वाचायचा रोल) पास करून घेणं, प्लेअर्सना फसवणूक वाटते, म्हणून मी ते दिसेल असं करतो, पिट फिएंडच्या (एक बलाढ्य डेव्हिल) शिंगांवर तीन कड्या, प्रत्येक वेळी त्याने सेव्ह जबरदस्तीने पास केला की एक कडी तडकते (पिट फिएंडकडे मुळात हे नसतं, मी दिलं होतं). स्पेल वाया गेलं तरी काहीतरी तुटलं हे समाधान मिळतं. मूळ रूल्स दिवसाला सहा ते आठ एन्काउंटर्स (लढाया वगैरे) धरून बनवलेत, आमच्याकडे मुश्किलीने दोन व्हायची, म्हणून काही प्लेन्सवर लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, जिच्यात ताकद आणि स्पेल्स परत मिळतात) मिळणार नाही असा घरचा नियम केला, तो आधी सांगून केला आणि कोणी कुरकुर केली नाही.

आणि फासे! न्यू जर्सीवाला दिवाळीत आला तेव्हा एक सेशन समोरासमोर झालं आणि नेमकं विझार्डने मीटिऑर स्वॉर्म टाकलं. 40 डी-सिक्स, म्हणजे सहा बाजूंचे 40 फासे. सगळ्यांच्या पिशव्या मिळून 31 निघाले, मग लुडोचे आणि व्यापारच्या डब्यातले काढले, परातीत घालून चौघांनी मिळून ओतले आणि दहा-दहाचे ढीग करून मोजले, 152. शेजारच्या काकू बघायला आल्या काय झालं म्हणून. ऑनलाइन हे एका क्लिकमध्ये होतं, पण तो परातीतला आवाज कोणी विसरणार नाही.

आम्ही मराठीत खेळतो आणि त्याचा एक फायदा मला अजिबात अपेक्षित नव्हता. डेव्हिल्स कायदा पाळणारे, करार करणारे, ते कायम अहो-जाहो करतात. "आपण बसावं, घाई नाही." डीमन्स सरळ अरे-तुरे. तीन-चार सेशन्सनंतर प्लेअर्स फक्त पहिल्या वाक्यावरून ओळखायला लागले की समोर कोण आहे, आणि त्यांना जास्त भीती "आपण" म्हणणाऱ्याची वाटते.

प्रेपला सुरुवातीला आठवड्याला नऊ तास जायचे, आता चार. जागांचे नकाशे बनवणं सोडलं, फक्त कोणाला काय हवंय आणि पार्टी आली नाही तर तो पुढे काय करेल एवढं लिहितो, आणि एका वेळी तीनच जगं उघडी ठेवतो.

मरणाची भीती या लेव्हलला राहत नाही, क्लेरिक उठवतोच. मग पणाला काय लावायचं? आमच्याकडे उत्तर एका पोर्टलने दिलं. रिगसचे नऊ चौकोन भरलेले, वेळ नाही, आणि पोर्टलची किल्ली होती एक आठवण, जी दिली की परत मिळत नाही. पाचही जण कुठली द्यायची यावर घुटमळत होते. तेव्हा आक्का पदराला हात पुसत पुढे आली आणि तिने तिच्या गेलेल्या मुलीची आठवण दिली. दार उघडलं. रिगस वाचलं. परत आल्यावर ओट्याशेजारच्या भिंतीवरचं ते छोटं चित्र बघून तिने विचारलं, ही कोण रे बाळा?

विझार्डला सतराव्या लेव्हलला विश मिळालं, जवळपास काहीही मागता येणारं स्पेल. आमचा प्लॅन होता की ते शेवटच्या लढाईसाठी राखायचं. लेव्हल लागल्यावर पहिल्याच सेशनला, कोणाला न विचारता, त्याने ते आक्काची आठवण परत आणायला वापरलं. दुसऱ्या स्पेलची नक्कल सोडून विशने दुसरं काही मागितलं तर 33 टक्के शक्यता असते की ते स्पेल पुन्हा कधीच टाकता येणार नाही. त्याने कॅमेऱ्यासमोर फासे धरले, टाकले. शंभरात 21, म्हणजे 33 च्या आत. त्याने पेन घेतलं, शीटवरचं विश खोडलं आणि म्हणाला, आक्का काय म्हणाली ते सांग.