एमड्राइव्ह की माख परिणामाचे इंजिन : व्याख्यानासाठी काय निवडावे?

इंधन मागे न फेकता यान पुढे ढकलण्याचा दावा आणि तो तपासण्यासाठी खर्च झालेला सरकारी पैसा, या विषयावर वाचनालयात किंवा महाविद्यालयात सप्रयोग व्याख्यान ठरवणाऱ्याला बहुधा एमड्राइव्ह आणि माख परिणामाचे इंजिन या दोन यंत्रांतून एकाची निवड करावी लागते. मालवणात मी दोन्हींवरची व्याख्याने करून पाहिली आहेत.

तात्त्विक वजन माख परिणामाचे अधिक आहे, हे मान्य करावे लागेल. वस्तूचे जडत्व दूरच्या साऱ्या विश्वामुळे येते, हा अर्न्स्ट माख यांचा विचार आइनस्टाइननाही मोलाचा वाटला होता. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स वुडवर्ड यांनी त्यावरून असे मांडले की, पीझो चकत्यांच्या (विजेने आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या चकत्यांच्या) चळतीत ऊर्जा झपाट्याने कमीजास्त केली तर तिचे वस्तुमानही क्षणभर बदलते, आणि ती जड असताना ढकलली व हलकी असताना ओढली तर एका दिशेने बल शिल्लक राहते. नासाच्या प्रगत संकल्पना योजनेने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये या कामाला निधी दिला. अभियंता रॉजर शॉयर यांच्या एमड्राइव्हला असा पाया नाही; तांब्याच्या बंद शंकूत सूक्ष्मलहरी कोंडल्या की तो सरकतो, हा दावा संवेग अक्षय्यतेच्या, म्हणजे काही मागे न ढकलता पुढे जाता येत नाही या नियमाच्या, सरळ विरोधात जातो.

तरीही मी एमड्राइव्हकडे झुकलो, त्याला प्रात्यक्षिकातील एक अडचण कारणीभूत झाली. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या मार्टिन टाजमार यांच्या गटाला माख इंजिनाचे बल म्हणजे बल मोजणाऱ्या तराजूपर्यंत पोहोचलेली कंपने असल्याचे आढळले. तो दोष दाखवण्यासाठी मी बझरची पीझो चकती एका पट्टीवर चिकटवून पट्टी दोऱ्याला टांगली. ती कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे, आणि कंपनाने वळली, तारेच्या पिळाने की वाऱ्याने, हे मलाच सांगता येईना. खिडक्या उघडल्या की समुद्रावरचा वारा पट्टी फिरवी, बंद केल्या की मे महिन्यात श्रोते बसू शकत नसत, आणि पंखा लावण्याचा प्रश्नच नव्हता. तीन सत्रे अशी गेली.

एमड्राइव्हचा दोष मात्र डोळ्यांना दिसतो. नासाच्या ह्यूस्टन केंद्रातील हॅरोल्ड व्हाइट यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले बल किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन होते, म्हणजे तेवढ्याच शक्तीच्या प्रकाशझोताने मिळणाऱ्या बलाच्या सुमारे ३६० पट. ड्रेस्डेनमध्ये २०१८ साली शंकूत जाणारी शक्ती जवळजवळ रोखून धरली, तरी तराजू हललाच. संशय केबलमधील प्रवाह आणि पृथ्वीचे चुंबकक्षेत्र यांवर गेला, आणि २०२१ पर्यंत बल शून्यावर आले. हाच परिणाम दाखवायला तारेच्या पन्नास वेढ्यांचे कडे टांगून बॅटरी जोडली की ते ठरावीक दिशेला वळते, तारा उलट जोडल्या की उलटे, आणि वारा असला तरी हा फरक मागच्या बाकावरून कळतो.

श्रोते पदव्युत्तर वर्गाचे आणि खोली वातानुकूलित असेल, तर माझा कल कदाचित बदलेल. अन्यथा कड्यासाठी बारीक एनॅमल तार घ्यावी, आणि बॅटरीकडे जाणारी टोके अगदी सैल सोडावीत.