निवाडे शोधायला शिकायचे कशावर: छापील खंड, सशुल्क डेटाबेस की मोफत संकेतस्थळे?

मूट कोर्टचे (विद्यार्थ्यांच्या सरावासाठीच्या अभिरूप न्यायालयाचे) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहायची वेळ आली, की विधीच्या विद्यार्थ्याला निवाडे शोधण्याचे कोणते साधन आधी हाताळावे असा प्रश्न पडतो. माझ्या मते तिन्ही साधने एकाच कसोटीवर घासून पाहावीत: हाती आलेला निवाडा आजही टिकून आहे की नाही, हे त्यातून किती खात्रीने कळते?

उदाहरण लवाद कायद्यातले घेऊ. मुद्रांक शुल्क न भरलेल्या करारातील लवादाचे कलम अंमलात आणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २५ एप्रिल २०२३ रोजी ‘एन. एन. ग्लोबल’ प्रकरणात ३ विरुद्ध २ अशा बहुमताने ठरवले. आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला.

या दोन तारखांच्या मध्ये छापलेले डायजेस्ट (निवाड्यांचा विषयवार सारसंग्रह) उघडणाऱ्याला डिसेंबरमधले काहीच कळणार नाही. तरीही एखादा आठवडा ग्रंथालयात नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे खंड चाळण्यात घालवावा, कारण विषय, उपविषय आणि कलम या क्रमाने मुद्दा कसा उलगडत जातो हे तिथे डोळ्यांना दिसते आणि पुढे शोधशब्द सुचायला त्याचाच उपयोग होतो. त्याहून अधिक वेळ मात्र मी देणार नाही.

‘एससीसी ऑनलाइन’ किंवा ‘मनुपात्र’ यांसारख्या सशुल्क डेटाबेसमध्ये निवाडा नंतर फिरवला गेला असल्यास तशी खूण दिसते, त्यामुळे मेमोरियल आठवड्यावर आले असेल तर दुसरा विचार नको. धोका एवढाच, की हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीचा सारांश, संपादकाने लिहिलेली असते, न्यायालयाने नव्हे. ती उतरवून काढणारा विद्यार्थी न्यायपीठाच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. शिवाय महाविद्यालय सुटले की त्याचे लॉगिनही सुटते.

‘इंडियन कानून’ २००८ पासून आणि सर्वोच्च न्यायालयाचे ‘ई-एससीआर’ २०२३ पासून मोफत उपलब्ध आहे. (दुसऱ्यावर काही निवाड्यांचे मराठी अनुवादही आहेत, पण अधिकृत मजकूर इंग्रजीच मानला जातो.) ‘इंडियन कानून’वर निवाड्याचा दाखला पुढे कोणी दिला याची यादी मिळते. त्या यादीतून मोठ्या पीठाचे निवाडे वेचून, संबंधित परिच्छेद स्वतः वाचून निष्कर्ष काढावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे, पण संशोधन म्हणतात ते हेच. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करायची असेल, तर मी सराव इथेच करीन आणि लॉगिन आहे तोवर सशुल्क डेटाबेस पडताळणीपुरता वापरीन.

साधन कोणतेही निवडले, तरी खुनाच्या शिक्षेसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ शोधताना भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ देखील टाकावे. नवी संहिता १ जुलै २०२४ पासूनची आहे; त्याआधीचे सगळे निवाडे जुन्याच क्रमांकाखाली आहेत.