जिभेखालची बुप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन गोळी : छाटणीपासून बेदाण्यापर्यंतचा अनुभव

आमचे हे तासगाव-सांगली टेम्पो चालवतात. कंबरदुखीवर ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या जातीचं, सवय लागणारं वेदनाशामक सुरू झालं. पुढं कंबर राहिली बाजूला आणि कॅप्सूल चुकली की जांभया, नाक गळणं, जुलाब, रात्रभर पाय झाडणं. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास मिरजेत डॉक्टरांनी ही सवय सोडवायला बुप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी सुरू केली. आता शेडवर बेदाणा पडलाय.

पहिला दिवस सगळ्यात अवघड. ट्रामाडॉल अंगात असताना ही घेतली तर त्रास उलट उसळतो, कारण ती मेंदूतून आधीच्या औषधाला हुसकावून त्याची जागा घेते. म्हणून निदान 12 तास तरी काही न घेता थांबायचं आणि त्रास नीट दिसायला लागल्यावर, डॉक्टरांसमोरच पहिला डोस. ह्यांच्या अंगावर काटा, डोळ्यांतून पाणी, बाहीनं नाक पुसणं चाललेलं. 2 मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली विरघळली आणि थोड्या वेळानं ह्यांनी स्वतःहून चहा मागितला. मला तिथंच रडू आलं.

गोळी गिळायची नाही, गिळली तर वाया. विरघळेपर्यंत बोलणं बंद, थुंकी धरून बसायचं. सासूबाई तेवढा वेळ ह्यांना हाकसुद्धा मारत नाहीत. मग पाण्यानं चूळ, ब्रश तासाभरानंतर; दात खराब होऊ शकतात. सोबतचं नॅलोक्सोन, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम अडवणारं औषध, जिभेखालून फारसं शोषलं जात नाही. कुणी गोळी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून ते घातलेलं असतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या यासोबत अजिबात नकोत, श्वास मंदावतो.

तोटेही आहेत. सुरुवातीला गुंगी होती, डोस बसेपर्यंत टेम्पो उभा, भाडी गेली. गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, व्यसनमुक्ती केंद्रातच जावं लागतं.

जाऊबाई म्हणाल्या, एक सुटलं नि दुसरं लागलं. मला हे मुळीच पटत नाही. डोस वाढत नाही, नशा होत नाही, तलफ गेली, माणूस पहाटे उठून कामाला जातो. आणि घाईनं बंद केली तर धोका मोठा: शरीराची सवय मोडलेली असते, मग पुन्हा ट्रामाडॉलसारख्या औषधाचा पूर्वीएवढा डोस घेतला तर जीव जाऊ शकतो. बंद कधी करायची ते डॉक्टर ठरवतील, शेजारपाजार नाही.

कुणाच्या घरी असं असेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. ह्यांची या गोळीनं झालेली बद्धकोष्ठता मात्र इसबगोलनंही हटलेली नाही, पुढच्या भेटीत तेच आधी विचारणार आहे.