हातपंपाची बिअर आणि लंडनचे जुने पब

लंडन ब्रिज स्थानकातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे चालू लागले की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला एक फाटक लागते आणि आतल्या अंगणात ‘द जॉर्ज इन’ हा पब उभा दिसतो. १६७६ च्या आगीत इथली जुनी सराई जळाली आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा बांधण्यात आली; म्हणजे तिकडे रायगडावर शिवाजी महाराजांचे राज्य चालू होते तेव्हाची ही इमारत आहे. अंगणाच्या बाकीच्या बाजू एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपनीने पाडून टाकल्या, पण दक्षिणेची बाजू तिच्या लाकडी सज्जांसकट वाचली आणि १९३७ पासून ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. असे सज्जे असलेली लंडनमधली ही शेवटची सराई. एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात उभे राहून वर पाहावे तसे तिथे उभे राहून वर पाहिले, आणि मग मान खाली घालून बुटक्या दारातून आत गेलो. इंग्लिश पबची पहिली ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आपल्याकडून जाणारे पुष्कळ प्रवासी अशा ठिकाणी बसतात आणि मागवतात मात्र मुंबई-पुण्यात कुठेही मिळेल अशी नेहमीची थंडगार बिअर, म्हणजे लागर. त्यात वाईट काही नाही, पण त्या काउंटरवर हातपंपाच्या ज्या उंच मुठी उभ्या असतात त्यांतून येणारी बिअर जगात दुसरीकडे क्वचितच नीट मिळते आणि ती न चाखता परत येणे ही मोठी चूक आहे. या लेखाचा मुख्य विषय तीच बिअर आहे. तिला कास्क एल म्हणतात किंवा नुसते ‘रिअल एल’ म्हणतात; कास्क म्हणजे पिंप आणि एल हा बिअरचा जुना इंग्लिश प्रकार.

ब्रुअरीतून, म्हणजे बिअरच्या कारखान्यातून, पिंप निघते तेव्हा त्यातल्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असते. पबच्या तळघरात ते पिंप आडवे ठेवून काही काळ स्वस्थ राहू देतात. तिथे बिअर आणखी थोडी आंबते, गाळ तळाशी बसतो, आणि मग वरून वायूचा दाब न देता ती हाताच्या पंपाने वर ओढली जाते. या पंपाच्या एका आवृत्तीचे पेटंट जोसेफ ब्रामा यांनी १७९७ मध्ये घेतले होते आणि आजही काउंटरमागचा माणूस मूठ धरून ती सावकाश स्वतःकडे ओढतो तेव्हा तत्त्व तेच असते. दोन-तीन ओढींत ग्लास भरतो. आधी सगळी बिअर दुधाळ, ढवळलेली दिसते. मग तळापासून वर वर ती निवळत जाते आणि मिनिटभरात तांबूस मधासारखी पारदर्शक होते. घाई न करता हे निवळणे पाहावे, कारण बिअर नीट राखली आहे की नाही याची पहिली खूण तिथेच मिळते.

ज्यांनी कोकणात माडी प्यायली आहे त्यांना या बिअरचा स्वभाव चटकन समजेल. सकाळची माडी गोड असते आणि संध्याकाळची आंबट, कारण ती भांड्यातही थांबत नाही. कास्कची बिअर इतक्या वेगाने बदलत नसली तरी एकदा पिंपाला तोटी लावली की साधारण तीन दिवसांत ते संपायला हवे, नाहीतर हवा लागून ती उतरते. नेहमीचे लहान पिंप नऊ गॅलनचे, म्हणजे बहात्तर पाइंटांचे (पाइंट म्हणजे तिथला मोठा ग्लास) असते. यावरून माझा नियम असा की ज्या पबमध्ये गर्दी बरी आहे आणि मुठी तीन-चारच आहेत तिथे निर्धास्त मागवावे. रिकाम्या पबमध्ये दहा मुठींची रांग दिसली तर सावध व्हावे.

ही बिअर कोमट असते असा आपल्याकडे समज आहे, तो खरा नाही. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस राखलेले असते. फ्रिजच्या बाटलीसारखी ती दातांना झोंबत नाही, माठातल्या पाण्यासारखी घशाला निववते, आणि त्या तापमानालाच तिची चव उलगडते. फुलर्सची ‘लंडन प्राइड’ घेतली तर आधी भाजलेल्या पावाच्या कडेची गोडसर चव येते, मग संत्र्याच्या सालीसारखा किंचित कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला राहतो. ससेक्समधल्या लुइस गावची ‘हार्वीज ससेक्स बेस्ट’ त्याहून कोरडी आणि माझ्या मते अधिक चांगली आहे. ती लंडनच्या काही पबांत मिळते आणि दिसली की सोडू नये. या दोन्ही ‘बिटर’ प्रकारातल्या आहेत आणि त्यांत मद्यार्क ४ टक्क्यांच्या आसपास असतो. ज्यांना कडू नको आहे त्यांनी ‘माइल्ड’ मागावी. ती गडद, मऊ आणि त्याहूनही हलकी असते. पोर्टर आणि स्टाउट या काळ्या बिअरना कॉफीच्या जवळची चव असते आणि त्या थंडीच्या दिवसांत विशेष रुचतात.

‘इंडिया पेल एल’ हे नाव मुठीवरच्या पाटीवर वाचताना आपल्याला थांबावेसे वाटणारच, आणि तो संबंध खरा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसन यांच्या ब्रुअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून भारतातल्या इंग्रजांसाठी येत असे. पुढे १८२० च्या दशकात बर्टन अपॉन ट्रेंटच्या ब्रुअरी या व्यापारात उतरल्या आणि त्यांनी तो जिंकला, कारण बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर आहे आणि त्या पाण्यात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा, कडवटपणा स्वच्छ उमटतो. त्याच बर्टनच्या बास कंपनीचा लाल त्रिकोण हे ब्रिटनचे पहिले नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. तारीख १ जानेवारी १८७६. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या पिंपांची वंशज असलेली बिअर आपण तिथल्या काउंटरवर पाहतो तेव्हा बरे वाटते.

ही सगळी परंपरा एकदा नष्ट होता होता बचावली आहे. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, यीस्ट मारलेली आणि वायूच्या दाबाने ओतायची बिअर पबांत भरायला सुरुवात केली, कारण ती टिकते आणि तिला तळघरात कसबी माणूस लागत नाही. १९७१ मध्ये चार तरुणांनी तिच्याविरुद्ध ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची संघटना काढली. आज कास्क एल मिळते याचे बरेचसे श्रेय त्या संघटनेला आहे. ती दरवर्षी चांगल्या पबांची मार्गदर्शिका काढते. प्रवासाआधी ती चाळलेली बरी.

आता रीत. टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नये, कारण साध्या पबमध्ये तो येत नाही. काउंटरवर जाऊन मागायचे, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः घेऊन यायचा. काउंटरवर रांग दिसत नाही, पण कोण आधी आले हे सगळ्यांच्या ध्यानात असते. आपल्या आधीचा माणूस उभा असताना आपल्याला विचारले गेले तर त्याच्याकडे बोट दाखवावे, त्याने आपली पत लगेच वाढते. हात हलवणे, नोट फडकवणे हे अगदी टाळावे. टीप द्यावी लागत नाही. मंडळींबरोबर गेल्यास प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायचे असते आणि आपली पाळी चुकवणे तिथे फार वाईट दिसते. पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो. तेवढा नको असेल तर अर्धा मागण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि निवड होत नसेल तर चव पाहायला घोटभर देता का असे विचारले तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. फेस फार आला असेल तर वर भरून मागता येते. उत्तरेत पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची चकती लावून दाट फेस काढतात, दक्षिणेत तो कमी असतो. दोन्हीकडची माणसे आपलेच बरोबर मानतात. वय अठरा पूर्ण हवे, आणि तरुण दिसणाऱ्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा.

एका मोठ्या स्थानकाजवळच्या पबमध्ये मला मिळालेला पाइंट शेवटपर्यंत गढूळ राहिला आणि त्याला शिरक्याचा वास येत होता. परक्या देशात तक्रार कशी करावी या संकोचात मी अर्धा ग्लास तसाच प्यालो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी ते पाहिले आणि म्हणाले, की परत करा, नाहीतर त्यांना कळणार कसे. मी ग्लास परत नेला तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने वास घेतला, माफी मागितली, दुसऱ्या मुठीची बिअर दिली आणि त्या मुठीवरची पाटी फिरवून ठेवली. त्यामुळे सांगतो, बिघडलेला पाइंट पहिल्या दोन घोटांतच, शांतपणे, परत करावा.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती पाटीवर सहसा लिहिलेली नसते. गाळ लवकर बसावा म्हणून कास्कमध्ये पूर्वापार माशाच्या पोटातल्या वायूच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. आपल्याकडे घोळ माशाच्या ज्या बोताला मोठा भाव मिळतो तोच हा अवयव. तो गाळाबरोबर तळाशी जातो, तरी ज्यांना तो चालत नाही त्यांनी ‘व्हीगन’ किंवा ‘अनफाइन्ड’ (असा पदार्थ न घातलेली) बिअर आहे का असे विचारावे. अशी बिअर आता पुष्कळ ब्रुअरी करतात आणि ती जराशी धूसर असणे हा दोष नसतो. खाण्यात चीज, लोणचे आणि जाड पावाचा ‘प्लाउमन्स लंच’ बिटरबरोबर उत्तम लागतो. रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचे जेवण, दुपारीच संपतो, त्यासाठी जागा आधी राखून ठेवावी.

लंडनमध्ये एकच पब पाहायचा असेल तर मात्र मी जॉर्ज इनपेक्षाही हाय होबर्नवरच्या ‘प्रिन्सेस लुईस’चे नाव घेईन. व्हिक्टोरिया राणीच्या मुलीच्या नावाचा हा पब १८७२ चा आहे आणि आतली सजावट १८९१ ची. मधोमध घोड्याच्या नालासारखा काउंटर आहे आणि त्याच्याभोवती लाकूड व नक्षीदार काचेच्या पडद्यांनी लहान लहान कप्पे पाडले आहेत, प्रत्येकाला आपला काउंटरचा तुकडा. भिंतींवरच्या रंगीत फरशा, सोनेरी आरसे आणि छताची नक्षी यांवरून नजर हलत नाही. टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथ या १७५८ पासूनच्या ब्रुअरीचा हा पब असल्याने तिथे फक्त तिचीच पेये मिळतात, आणि त्यांच्या धोरणानुसार संगीत आणि टीव्ही नाही. त्या कप्प्यात बसल्यावर फक्त माणसांच्या बोलण्याचा एक सलग गुंजारव कानावर येत राहतो. ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळचा ‘ब्लॅक फ्रायर’ १९०५ च्या सुमारास संगमरवर आणि तांब्याच्या उठावचित्रांनी मढवला गेला. १९६० च्या दशकात तो पाडायचे घाटत होते, तेव्हा कवी जॉन बेचमन यांनी त्यासाठी आवाज उठवला. तो पाहावाच, पण संध्याकाळी साडेपाचनंतर तिथे उभे राहायलाही जागा नसते. दुपारी तीनला जावे.

लंडनमध्ये पाइंटला मला सहा ते सात पौंड पडले. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला तो बराच स्वस्त झाला, आणि तिथे जाण्याचे कारण केवळ स्वस्ताई नव्हते. स्मेथविक आणि वेस्ट ब्रॉमिच या गावांत ओतकाम कारखान्यांत काम करायला आलेल्या पंजाबी मजुरांना १९६० च्या दशकात अनेक पब आपल्या चांगल्या खोल्यांत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथविकला आले तेव्हा त्यांनाही एका पबमध्ये असाच नकार मिळाला. पुढे त्याच भागातले बंद पडू लागलेले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले आणि त्यांतून ‘देसी पब’ उभे राहिले. वेस्ट ब्रॉमिचच्या फुटबॉल मैदानाजवळच्या ‘द व्हाइन’मध्ये आतच मोठी कोळशाची शेगडी आहे. समोरून लाल कबाबांची सळई येते, हातात बिटरचा पाइंट असतो, शेजारच्या टेबलावर सामन्याला आलेले गोरे आजोबा नान मोडून खात असतात. कास्कची कडवट, कमी वायूची बिअर तिखटाला लागरपेक्षा कितीतरी चांगली साथ देते हे मला तिथे कळले. मी दुसरा पाइंट घेतला, आणि कबाबही.