रिसायकल बिनमधली हट्टी व्हायरस-फाइल: कमांड, सेफ मोड, रेस्क्यू पेन ड्राइव्ह की सरळ फॉरमॅट?

गेल्या महिन्यात इंदूरच्या राजेंद्रनगरच्या काकांचा फोन आला. "अरे, बिन रिकामी आहे, मी स्वतः बघितली. तरी हा अँटिव्हायरस रोज सकाळी लाल होऊन सांगतो की रिसायकल बिनमध्ये ट्रोजन, म्हणजे वेश बदलून आलेला व्हायरस, आहे. आता खोटं कोण बोलतंय, मी की तो?" त्याआधी ते आर.एन.टी. मार्गावरच्या एका दुकानात कॉम्प्युटर दाखवून आले होते. तिथल्या मुलाने स्क्रीनकडे धड न बघताच निकाल दिला: "अंकल, फॉरमॅट मार देते हैं, झंझट खतम." गणेशोत्सव मंडळाचा सगळा जुना हिशोब त्याच मशीनवर, म्हणून काका कॉम्प्युटर उचलून घरी आले. मी पोचलो तेव्हा काकूंनी पोहे पुढे ठेवत विचारलं, "ओला वेगळा, सुका वेगळा करायला शिकलो. हा तिसरा कुठला कचरा रे, जो गाडीत जातच नाही?" २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आल्यापासून इंदुरात कचऱ्याचा विषय कुणी हलक्यात घेत नाही.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. ते का, हे कळलं की पुढचे पर्याय निवडणं सोपं जातं. म्हणून आधी तेवढं सांगतो.

आपण फाइल डिलीट करतो तेव्हा ती त्याच ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये सरकते. त्या फोल्डरचं नाव डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं: डॉलर-रिसायकल-डॉट-बिन. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात त्याला रिसायकलर म्हणत. सी ड्राइव्हचा वेगळा, डी ड्राइव्हचा वेगळा. त्याच्या आत कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक खात्याचा स्वतंत्र कप्पा असतो आणि त्या कप्प्याला नाव म्हणून एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा असतो, ज्याच्या शेवटी घरच्या कॉम्प्युटरवर बहुधा १००१, १००२ असं काही असतं. फाइलचं नावही बदलतं: डॉलर, मग आर, मग सहा अक्षरं, आणि शेवटी मूळ एक्स्टेंशन. तिच्या जोडीला डॉलर-आय ने सुरू होणारी एक चिमुकली फाइल बनते. मूळ पत्ता, साइझ आणि डिलीट केल्याची वेळ तिच्यात असते. डेस्कटॉपवरची बिन उघडली की दिसतात ते फक्त तुमच्या खात्याचे कप्पे. शेजारच्या खात्यात काय पडलंय ते तिथे दिसत नाही, आणि 'रिकामी करा' म्हटलं तरी त्याला धक्का लागत नाही.

काकांच्या अँटिव्हायरसने दाखवलेला पत्ता डी ड्राइव्हचा होता आणि कप्प्याचा आकडा १००२ ने संपत होता. काकांचा स्वतःचा आकडा १००१. (कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, 'हू-एम-आय', स्पेस, 'स्लॅश यूजर' टाइप केलं की आपला आकडा कळतो.) १००२ हे पुण्याला नोकरीला गेलेल्या पुतण्याचं खातं निघालं. त्याने कधीतरी फुकटच्या गेमची मोठी आय-एस-ओ फाइल (अख्खी सीडी एकाच फाइलीत बांधलेलं गाठोडं) उतरवून डिलीट केली होती, आणि आत क्रॅकच्या, म्हणजे पैसे न देता गेम चालवण्याच्या जुगाडाच्या, नावाखाली ट्रोजन होता. अशा गाठोड्यातली एकच फाइल बाहेर काढणं अँटिव्हायरसला बऱ्याचदा जमत नाही आणि अख्खं गाठोडं फेकायला तो कचरतो. मग रोज ओरडतो, करत काहीच नाही.

म्हणून निवड करण्याआधी तो पत्ता नीट वाचा. नाव डॉलर-आर ने सुरू होत असेल तर ती कुणीतरी डिलीट केलेली फाइल आहे, म्हणजे मेलेला साप. बिनमध्ये पडल्या पडल्या ती आपणहून चालत नाही, बिनमध्ये तिच्यावर डबल क्लिक केलं तरी फक्त प्रॉपर्टीजची खिडकी उघडते. नाव त्या साच्यात बसत नसेल, किंवा कप्पा कुठल्याच माणसाचा नसून एस-१-५-१८ असा खुद्द सिस्टिमचा असेल, तर मामला वेगळा. तिथे कुणीतरी मुद्दाम घर केलंय. २०१२ च्या सुमारास झीरोअ‍ॅक्सेस नावाचा प्रकार नेमका तिथेच लपत असे. त्याआधी २००८ मध्ये आलेला कॉनफिकर पेन ड्राइव्हवर रिसायकलर नावाचा खोटा फोल्डर बनवून पसरला. आजही पेन ड्राइव्हवर असा फोल्डर दिसला तर मी आधी संशयच घेतो, कारण पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं सहसा बिनमध्ये जातच नाही. काही महिन्यांनी तेच दुखणं परत येतं ते बहुतेक वेळा झेरॉक्सवाल्याकडून फिरून आलेल्या पेन ड्राइव्हमुळे.

मेलेल्या सापासाठी: त्या खात्यात जाणं की कमांड?

सगळ्यात बिनधोक उपाय म्हणजे ज्याचा कप्पा आहे त्याच्या खात्याने लॉग इन करून बिन रिकामी करणं. दोन मिनिटांचं काम, चुकायला जागा नाही. अडचण एकच, पासवर्ड हवा. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, "काका, मलाच आठवत नाही."

मग कमांड. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि लिहायचं: आरडी, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश क्यू, स्पेस, आणि मग मध्ये कुठेही जागा न सोडता ड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, डॉलर-रिसायकल-डॉट-बिन. पासवर्ड विचारत नाही, सगळ्यांचे कप्पे एका झटक्यात साफ होतात आणि फोल्डर पुढे लागेल तेव्हा विंडोज स्वतःच नवा बनवतं. बिन बिघडली असल्याचा संदेश येतो तेव्हाही हाच उपाय लागू पडतो.

वेग आहे, पण दात आहेत. स्लॅश क्यू म्हणजे 'मला विचारू नकोस'. बॅकस्लॅशनंतर चुकून एक स्पेस पडली तर कमांड त्याचा अर्थ 'आख्खा ड्राइव्ह, आणि शिवाय हा फोल्डर' असा घेते. मी हे काम घाईत कधी करत नाही. लिहून झालं की हात मागे घेऊन एकदा मोठ्याने वाचतो, मग एंटर. शिवाय 'सगळ्यांचे कप्पे' म्हणजे काकूंच्या खात्यातलाही. त्यांच्या बिनमध्ये चुकून डिलीट झालेले मुंजीचे फोटो पडलेले होते! ते आधी परत जागेवर नेले. ही भानगड नको असेल तर पुढे आणखी एक बॅकस्लॅश आणि तो लांब आकडा जोडून फक्त दोषी कप्पा उडवता येतो. टाइप जास्त करावं लागतं, पण मला हाच मार्ग पटतो आणि काकांकडे मी हेच केलं.

विंडोज ११ वर टर्मिनल उघडलं की बहुधा पॉवरशेल ही आज्ञांची दुसरी खिडकी समोर येते. तिथे डॉलरचं चिन्ह म्हणजे व्हेरिएबल, त्यामुळे हीच ओळ तिथे चालत नाही. कमांड प्रॉम्प्टच उघडा.

कुणीतरी धरून ठेवलेल्या फाइलसाठी: अनलॉकर की सेफ मोड?

'ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' असं उत्तर आलं तर आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. नाही मिटली तर लोक गुगलवर अनलॉकर, म्हणजे धरलेली फाइल सोडवणारा प्रोग्रॅम, शोधतात, आणि एक व्हायरस काढायला दोन जाहिरातबाज पाहुणे घरात घेतात. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या फुकट संचात फाइल लॉकस्मिथ आहे. कोणत्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, फाइल धरली आहे ते तो दाखवतो आणि ती प्रोसेस बंदही करू देतो. नाव ओळखीचं निघालं तर काम झालं. अनोळखी निघालं आणि बंद करताच पुन्हा उभं राहिलं, तर अनलॉकरचा विषय तिथेच संपवा.

सेफ मोडमध्ये विंडोज मोजक्याच ड्रायव्हर आणि सर्व्हिसेससह (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमसह) सुरू होतं, त्यामुळे फाइल धरून बसणारा बहुधा जागाच होत नाही. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट आणि ४ चा आकडा. पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागेल, तो आधीच शोधून ठेवा. अनलॉकर आणि सेफ मोड यांत मी डोळे झाकून सेफ मोड घेतो, कारण नवीन काही उतरवावं लागत नाही.

पुन्हा पुन्हा जन्मणारीसाठी: ऑफलाइन स्कॅन की रेस्क्यू पेन ड्राइव्ह?

डिलीट केली, रीस्टार्ट केलं, फाइल हजर: म्हणजे तिला बनवणारा दुसरीकडे कुठेतरी बसलाय, एखाद्या सर्व्हिसमध्ये किंवा शेड्यूल केलेल्या टास्कमध्ये. बिन कितीही वेळा झाडा, उपयोग नाही.

विंडोज सिक्युरिटीतल्या स्कॅनच्या पर्यायांमध्ये डिफेंडरचा (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन आहे. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, नेहमीचं विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, आणि सुमारे १५ मिनिटं लागतात. एका क्लिकचं काम आहे, म्हणून सुरुवात इथून. क्विक हील किंवा अवास्ट असेल तर त्यांच्यात बूट-टाइम स्कॅन असतो, तत्त्व तेच.

रेस्क्यू पेन ड्राइव्ह त्याहून खोल जातो. कॅस्परस्की किंवा डॉक्टर वेब या अँटिव्हायरस कंपन्यांची फुकट इमेज (मशीन सुरू करू शकणारी तयार फाइल) दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हवर चढवायची आणि त्यावरून मशीन सुरू करायचं. आतली सिस्टिम विंडोजची नसून लिनक्सची असल्याने विंडोजचं काहीच जागं नसतं, कुलपं नाहीत, परवानग्यांचे नखरे नाहीत. (अमेरिकेने २०२४ मध्ये कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली. कुणाला त्यामुळे खटकत असेल तर डॉक्टर वेब आहेच. पण तीही रशियन कंपनी.) दोन ठेचा मात्र ठरलेल्या. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून असलेली सोय) चालू असेल तर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला ड्राइव्हवर लिहिता येत नाही, म्हणून शिफ्ट दाबून शटडाउन करायचं. आणि बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की हाताशी हवी. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपल्याला न विचारता चालू झालेलं असू शकतं.

संगणकाशी फार सलगी नसलेल्याने ऑफलाइन स्कॅनवर थांबावं. रेस्क्यू पेन ड्राइव्हसाठी भाच्याला रविवारी जेवायला बोलवा.

आणि फॉरमॅट?

दुकानवाल्याला फॉरमॅट आवडतो कारण विचार करावा लागत नाही. घरच्या घरी याचंच सौम्य रूप म्हणजे विंडोजचं 'रीसेट'. 'माझ्या फाइल्स ठेवा' निवडलं तर कागदपत्रं राहतात, पण टाकलेले प्रोग्रॅम जातात. क्लाउडवरून डाउनलोड करायचं म्हटलं तर ४ जीबीहून जास्त डेटाही लागू शकतो. सर्व्हिसमध्ये खोल रुतलेला प्रकार दोनतीन स्कॅननंतरही परत येत असेल, किंवा त्या मशीनवर नेट बँकिंग होत असेल, तर मीही रीसेटच सांगेन. दुकानात जायचं तर तिथे घातलं जाणारं विंडोज क्रॅक करून चालवलेलं नाही ना, हे आधी विचारा. असं विंडोज चालवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरच्या पोटात ट्रोजन मिळणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

पण काकांच्या बाबतीत गंमत अशी की फॉरमॅट म्हणजे दुकानात सहसा फक्त सी ड्राइव्ह पुसतात, आणि फाइल होती डी वर. मंडळाच्या हिशोबाचे प्रोग्रॅम गेले असते, टॅली पुन्हा टाकावं लागलं असतं, आणि सकाळी लाल खूण तशीच!

कप्पा उडवल्यानंतरही दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आलाच. "अजून दाखवतोय." मी म्हटलं, पत्ता वाचा. तोच जुना. ती फाइल आता तिथे नव्हती, ती अँटिव्हायरसच्या इतिहासातली नोंद होती, काही दिवस तशीच पडून राहते. पूर्ण स्कॅन लावायला सांगितला. संध्याकाळी काकूंचा मेसेज आला: "स्वच्छ निघालं. तुझे काका आता पुतण्याला फोन लावून बसलेत."