पॉकेट इंग्लिश-मराठी डिक्शनरी: 'अंडर'चं पान वाचून घ्या, मगच पैसे द्या

लेक आठवीत आहे, सारखा मोबाईल नको हातात म्हणून मागच्या महिन्यात अप्पा बळवंत चौकातून दीडशे रुपयांची पॉकेट डिक्शनरी आणली. अक्षर ठसठशीत, उच्चार देवनागरीत दिलेत, त्या बाबतीत तक्रार नाही. बाइंडिंग आठ दिवसांत सुटलं, फेव्हिकॉल लावून चालवतोय.

पण परवा ती म्हणाली, बाबा, अंडररायटर म्हणजे 'खाली लिहिणारा' ना? मी बावीस वर्षं इन्शुरन्समध्ये काढली आहेत हो! प्रपोजल वाचून पॉलिसी द्यायची का, प्रीमियम किती लावायचा हे ठरवणारा तो अंडररायटर. आता शब्द आलाय खाली लिहिण्यावरूनच, लंडनला सतराव्या शतकाच्या शेवटी लॉइडचं कॉफीहाउस होतं, तिथे जहाजांचा विमा उतरवला जायचा आणि जोखीम घेणारे कागदावर खाली आपलं नाव लिहायचे, पण हे माहीत नसलेल्या पोरीला 'खाली लिहिणारा' वाचून काय डोंबल कळणार?

मग चष्मा लावून अख्खं पानच वाचलं. 'अंडरटेक' म्हणजे हाती घेणे, बरोबर. 'अंडरटेकिंग' म्हणजे उपक्रम, तेही बरोबर, मुंबईच्या बेस्टच्या नावात शेवटी हाच शब्द आहे. पण कॉलेजात अँटी-रॅगिंगचं अंडरटेकिंग लिहून घेतात ते हमीपत्र, त्याचा पत्ताच नाही. आणि पुढे 'अंडरटेकर'ला काय, तर 'काम हाती घेणारा'! अहो पूर्वी होता तसा अर्थ, आता अंडरटेकर म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणारा. (आमच्या पिढीला त्या नावाचा पैलवान डब्ल्यूडब्ल्यूएफ कुस्तीच्या पत्त्यांमुळे तरी ठाऊक आहे.) सोसायटीच्या लिफ्टचं काम घेतलेल्या माणसाला ही उद्या अंडरटेकर म्हणून हाक मारायची.

'अंडरस्टेटमेंट' ला 'कमी विधान' लिहिलंय. कमी विधान कोण बोलतं मराठीत? मुसळधार पावसात 'जरा रिपरिप आहे' म्हणणं, असं एक उदाहरण टाकलं असतं तर काम झालं असतं. 'अंडरस्टडी' ला 'कमी अभ्यास', हे तर साफ चूक, नाटकात ऐनवेळी उभं राहता यावं म्हणून दुसऱ्याची भूमिका पाठ करून ठेवणारा बदली नट तो. आणि 'अंडर द वेदर' चक्क 'हवामानाखाली'! बरं वाटत नाहीये, एवढाच अर्थ आहे त्याचा. घरात आता कोणी शिंकलं की आमची लेक 'आजी हवामानाखाली आहे' असं जाहीर करते.

थोडक्यात काय, सुरुवातीला 'अंडर' दिसलं की 'खाली' किंवा 'कमी' चिकटवून मोकळे. स्पेलिंग बघायला ठीक, अर्थासाठी नाही. पाचपैकी दोन स्टार, तेही छपाईला.

लेकीने त्या पानावर पेन्सिलीने खरे अर्थ लिहून काढले. काल बदलून मिळते का विचारायला दुकानात गेलो, तर म्हणाले, साहेब, तुम्ही यात लिहिलंय, परत घेता येणार नाही.